आहेराचं पाकीट आणि चाळीस खुर्च्या

प्रश्न नागपूरच्याच एका कवीचा आहे. दोन संग्रह झालेत, नोकरी सुरू आहे, आणि हेवा, चुगली, कंजूषपणा, सोयीपुरतं खोटं बोलणं अशा घराघरांतल्या खोडींवर लिहिलेल्या वीसेक कविता हाताशी आहेत. त्यांचा तासाभराचा प्रयोग एखाद्या घराच्या हॉलमध्ये, तीस-चाळीस लोकांसमोर करायचा आहे. विचारणं असं: अभिवाचन आणि थोडी प्रकाशयोजना एवढ्यानं भागेल, की नाटकच लिहावं लागेल? जागा कशी पाहावी? आणि कवीनं स्वतः उभं राहावं का?

अभिवाचनानं भागणार नाही, आणि तीन अंकी नाटकाचीही गरज नाही. तुमच्या कवितांमध्ये एक अडचण आहे, ती दूर झाली की बाकीचं जमत जाईल. अडचण ही की तुमच्या कवितेतल्या प्रत्येक माणसाला स्वतःची खोड माहीत आहे. तो हेवा करतो आणि आपण हेवा करतोय हे त्याला कळतं, नेमक्या शब्दांत कळतं. कागदावर हीच तुमची ताकद आहे. चार फुटांवर बसलेल्या माणसासमोर मात्र ते फार सोयीचं होतं. ज्यानं गुन्हा आधीच कबूल केलाय त्याच्याकडे बघत बसायचं कशाला? प्रेक्षक मान डोलावतो, ‘क्या बात है’ म्हणतो आणि मोकळा होतो.

तुम्ही पाठवलेल्या कवितांपैकी ‘आहेर’ घेऊ. तिच्यातल्या या चार ओळी:

पाचशेची नोट काढून
दोनशेची घालताना
माझ्या बोटांना
माझी लाज वाटली

कवितेत चौथी ओळ कणा आहे. प्रयोगात ती पहिल्यांदा काढा. लाज वाटणं हे त्या खोलीत प्रेक्षकांच्या वाट्याचं काम आहे; ते नटानं उरकून टाकलं तर त्यांना करायला काही उरत नाही. मग या माणसाला काय वाटतं? त्याला वाटतं की आपण योग्यच वागतोय. हे कसं वाटतं तेवढं शोधलं की प्रसंग उभा राहतो. मी तो असा बसवीन.

दिवाणावर एक माणूस लग्नाला निघायच्या कपड्यांत बसलाय. समोर एक रुपयाचं नाणं चिकटवलेलं छापील पाकीट, त्यावर नाव लिहून झालेलं. मांडीवर जुनी आहेराची वही. बायको आत तयार होते आहे, दिसत नाही.

‘‘अगं, आपल्या वास्तूला किती टाकले होते त्यांनी?’’
‘‘काहून? तुम्ही पाचशे टाकले ना पाकिटात?’’
‘‘टाकले ना. विचारून राहिलो फक्त.’’
‘‘दोनशे एक.’’
(वहीत बोट ठेवून) ‘‘हो. दोनशे एक.’’
‘‘आता तर त्यांच्या घरी कमावणारं कोणी नाही.’’
‘‘तेच तर म्हणतो मी. आपण जास्त टाकले की त्यांना बोजा होते. उद्या वापस करा लागते त्यांना.’’

आणि तो नोट बदलतो. ‘त्यांना बोजा होते’ या वाक्यात सगळा माणूस आला. कंजूषपणाला त्यानं दुसऱ्याच्या काळजीचं रूप दिलंय, आणि ते तो मनापासून मानतो. हे वाक्य म्हणताना नट मिश्कील हसला तर प्रसंग मेला. चाळिसातल्या निम्म्या लोकांना क्षणभर वाटलं पाहिजे की बरोबर बोलतोय हा.

आता नोटांकडे बघा. दोनशेची पिवळी, पाचशेची राखाडी. चार-पाच फुटांवरून रंग ओळखू येतो, कोणी तोंडानं सांगावं लागत नाही. रेशीमबागेतल्या सुरेश भट सभागृहात, जिथे जवळपास दोन हजार माणसं बसतात, हाच प्रसंग करायचा तर नटाला ‘चला, पाचशे काढून दोनशे टाकू’ असं बोलावं लागेल आणि नाटक तिथेच भाषण होईल. कोणती खोड कोणत्या जागेत दिसते, हा हिशेब आधी करायचा असतो. वाड्याची वाटणी, खून, बाहेरख्यालीपणा मोठ्या सभागृहाला पेलतात. तीनशे रुपयांचा कंजूषपणा लहान खोलीतच दिसतो.

प्रसंगाचा शेवटही बघून घ्या. बायको बाहेर येते, पाकीट हातात घेते, जरा चाचपते, पर्समध्ये ठेवते आणि म्हणते, ‘‘चला, उशीर होते.’’ तिला कळलं का? नटीला माहीत असू द्या, प्रेक्षकांना सांगू नका. कवितेच्या उरलेल्या ओळी ठेवायच्याच असतील तर त्या हिच्या तोंडी द्या. नोट बदलणाऱ्याच्या तोंडी एकही नको. ती पर्सची चेन लावता लावता, दागिन्यांचा हिशेब केल्यासारख्या म्हणेल. एका प्रसंगाला कवितेचे इतकेच शब्द पुरतात. वीस कवितांपैकी तीन किंवा चार घ्या. वीस खोडी एका संध्याकाळी दाखवल्या की यादी होते, आणि यादीत प्रत्येकाला आपला शेजारी सापडतो.

यादीचं काम रामदासांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकात करून ठेवलंच आहे. पहिल्या समासात मूर्खाची लक्षणं आणि दहाव्यात पढतमूर्खाची. पहिली यादी ऐकताना लोक हसतात. दुसरी, म्हणजे सगळं वाचलेला, सगळं कळणारा आणि तरी तसाच वागणारा, ही मात्र तुमच्या-माझ्यासारख्यांची आहे. तुम्हाला स्वतःवर एक प्रसंग लिहायचा असेल तर तिथे जा: हेव्यावर उत्तम कविता लिहिणारा कवी दुसऱ्या कवीच्या पुरस्काराची बातमी वाचतो आणि अभिनंदनाचा मेसेज टाइप करतो, खोडतो, पुन्हा टाइप करतो. बोलायची गरजच नाही.

नाथांची भारुडं मात्र प्रयोगाच्या दृष्टीनं जास्त कामाची. विंचू चावल्याच्या भारुडात काम-क्रोधावर प्रवचन होतं, पण आधी एक माणूस समोर तडफडत असतो. अंगात वेदना आधी, अर्थ मागून. तुमच्या कवितांत अर्थ आधी येतो. क्रम फिरवा.

दुसरी एक युक्ती संस्कृतातून उचलण्यासारखी आहे. नाट्यशास्त्रातल्या दहा रूपकांत, म्हणजे नाटकाच्या दहा प्रकारांत, ‘भाण’ नावाचा एक आहे: एकच नट, तो शहरातून फिरतो, लोकांच्या भानगडी सांगतो, आणि समोर नसलेल्या माणसांशी बोलतो. पलीकडच्याचं वाक्य तोच उच्चारतो, ‘काय म्हणतोस?’ असं विचारून. त्याला आकाशभाषित म्हणतात. एकपात्री, फारसं नेपथ्य नाही, विषय नागर माणसांच्या लबाड्या. तुमच्या हॉलसाठी यापेक्षा सोयीचं काय असेल? फरक एवढाच करा की आकाशाकडे न बोलता नटानं पहिल्या ओळीतल्या एखाद्या बाईंकडे बघून बोलावं: ‘‘काय म्हणता? तुम्ही हजार टाकले? असतील बाप्पा तुमच्याकडे.’’ खोली हसते, बाई लाजतात, आणि पुढच्या वाक्याला सगळे जरा सावरून बसतात. दोन पथ्यं मात्र कडक पाळायची. खऱ्या उत्तराची वाट बघायची नाही, आणि कोणालाही उठवून पुढे आणायचं नाही. त्या बाई तिकीट काढून आल्यात, तुमच्या नाटकात काम करायला नाही.

इथे नागपूरकरांची एक सवय आड येते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी महाल-इतवारीतून काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे बाईच्या रूपातले मोठे पुतळे, निघते, सोबत बडगे म्हणजे पुरुषांचे पुतळे असतात, आणि ‘घेऊन जा गे मारबत’ म्हणत आपण रोगराईपासून महागाईपर्यंत सगळं तिच्या गळ्यात घालतो. बडग्यावर नाव नेहमी दुसऱ्याचं: नेता, कंत्राटदार, कुठल्या तरी देशाचा अध्यक्ष. मला ती मिरवणूक मनापासून आवडते, दरवर्षी मी जाते. पण तुमचा प्रेक्षकही त्याच सरावानं येईल. दुसऱ्या मिनिटाला तो बडगा शोधेल: हा माणूस म्हणजे आमचा साडभाऊ, ही म्हणजे वरच्या मजल्यावरची. ती वाट बंद करायची तर पात्राला असं काही देऊ नका ज्यानं ते वेगळ्या जातीचं, वेगळ्या वस्तीचं, वेगळ्या ऐपतीचं वाटेल. पात्राचे कपडे पहिल्या ओळीतल्या लोकांसारखेच असावेत. चष्मा, घड्याळ, मोबाइलचं कव्हरसुद्धा.

बोलीचंही तेच. मराठी नाटकात विदर्भाची बोली बहुतेक वेळा हशा काढायला येते. ‘काहून बे’ म्हटलं की टाळी. तुमच्या कविता प्रमाण मराठीत आहेत आणि तुम्ही घरी ‘करून राहिलो’ म्हणता, हे मला प्रश्नाच्या भाषेवरूनच कळलं. प्रसंग घरच्या बोलीत लिहा, पण ती सगळ्यांनीच बोलावी, नुसत्या गड्यानं किंवा मोलकरणीनं नको. धरमपेठेतले निवृत्त प्राध्यापकही रागावले की ‘कायले’ म्हणतात. आणि उलटंही बघा: खोटं बोलायची वेळ आली की आपली माणसं एकदम शुद्ध बोलायला लागतात. ‘‘आम्ही यायलाच निघालो होतो हो, पण ऐनवेळी पाहुणे आले.’’ त्या एका वाक्यापुरती प्रमाण भाषा ठेवली तर खोटं कळवण्यासाठी नटाला वेगळं काही करावं लागणार नाही.

तुम्ही स्वतः उभं राहावं का? माझं मत: नको. कविसंमेलनाची सवय शरीरात मुरलेली असते. दाद आली की ओळ पुन्हा म्हणायची, शेवटच्या शब्दाआधी थांबायचं, मान जराशी उचलायची. संमेलनात ते शोभतं, पण इथे प्रत्येक पुनरुक्तीबरोबर पात्र निघून जातं आणि कवी परत येतो. तालमीत मात्र रोज बसा. नट एखादी ओळ सारखी चुकवत असेल तर ती ओळ पुन्हा तपासा. दहातल्या सात वेळा ती बोलायची ओळ नसते, वाचायची असते.

नट कुठून आणायचे हा प्रश्न नागपुरात फारसा नाही. राज्य नाट्य स्पर्धेमुळे काम केलेली मंडळी भरपूर आहेत. पण त्यांचा आवाज लक्ष्मीनगरच्या सायंटिफिक सभागृहातल्या शेवटच्या रांगेला ऐकू जावा म्हणून घडलेला असतो, आणि तुमच्या हॉलमध्ये तो कानशिलात बसल्यासारखा लागतो. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टी रंगभूमीवर काम केलेले असतील तर आणखीच, तिथे उघड्या मंडपात रात्रभर हजारोंना जागं ठेवायचं असतं. त्यांना ‘हळू बोला’ म्हणून उपयोग होत नाही, ते हळू आवाजातही फेकतात. हाताला काम द्या. पाकिटाला डिंक लावायचा, नोट सरळ करायची, वहीची चिकटलेली पानं सोडवायची, आणि हे करता करता बोलायचं. हात गुंतले की आवाज आपोआप खोलीच्या मापात येतो. पहिला आठवडा तर संवादांशिवायच तालीम घ्या: नुसती नोट बदलून दाखवा, आणि बघणाऱ्याला कळलं पाहिजे की हा माणूस हे पहिल्यांदा करतोय की दरवेळी करतो.

लहान खोलीतल्या नाटकाची परंपरा मोठी आहे, त्यातल्या दोन-तीन गोष्टी उपयोगाच्या म्हणून सांगते. स्वीडिश नाटककार स्ट्रिंडबर्गनं स्टॉकहोमला १९०७ साली ‘इंटिमेट थिएटर’ काढलं, त्यात १६१ खुर्च्या होत्या, आणि त्या मापाची नाटकं तो लिहीत गेला. आयरिश येट्स तुमच्यासारखाच कवी; १९१६ साली त्यानं लंडनमध्ये एका बाईंच्या दिवाणखान्यात नाटक केलं. पडदा नव्हता, म्हणून वादकांनी एक कापड उलगडायचं आणि घडी करायचं, की नाटक सुरू आणि संपलं. तुम्हालाही अशी काही खूण लागेल, कारण हॉलमध्ये नाटक नेमकं कधी सुरू झालं हे कळत नाही आणि लोक मोबाइल बघत राहतात. आहेराची वही उघडणं ही खूण चालेल. आपल्याकडे सत्तरच्या दशकात दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहानं एका पिढीला शिकवलं की नाटकाला रंगमंदिर लागतंच असं नाही. नागपूरचं दुखणं जरा वेगळं. नाटककार महेश एलकुंचवार इथे राहून लिहीत आले, पण त्यांचं ‘वाडा चिरेबंदी’ १९८५ साली दिग्दर्शिका विजया मेहतांनी उभं केलं ते मुंबईत. लिहायचं इथे आणि करायचं तिथे, ही रीत आपण फार सहज स्वीकारली. घराच्या हॉलमध्ये प्रयोग करायला मुंबईची वाट बघावी लागत नाही, म्हणून तुमचा बेत मला आवडला.

जागेचं बोलू. हॉल बघायला जाल तेव्हा दिवसा जाऊ नका, प्रयोगाच्या वेळेला जा, आणि सगळं बंद करून पाच मिनिटं बसा. शेजारचा टीव्ही, पाण्याची मोटर, कुत्रं, सगळं तेव्हा कळतं. पंखा हा पहिला शत्रू. जुन्या पंख्याच्या किरकिरीत नोटेची सळसळ ऐकू येत नाही. कुलर असेल तर विषयच संपला. म्हणून नागपुरात असले प्रयोग नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच करावेत, जेव्हा पंखे बंद ठेवता येतात. याच महिन्यांत लग्नंही असतात. मंगल कार्यालयाच्या दोन गल्ल्या जवळची जागा घेऊ नका. वरातीचा डीजे दारावरून गेला की तुमच्या आहेराच्या प्रसंगाला पार्श्वसंगीत मिळेल, पण एकच दिवस, आणि बाकीच्या प्रसंगांचं मातेरं होईल.

चाळीसपेक्षा जास्त माणसं घेऊ नका. पहिली ओळ सतरंजीवर, दुसरी खुर्च्यांवर, तिसरी उंच स्टुलांवर, म्हणजे सगळ्यांना नटाचे हात दिसतात. रचना इंग्रजी यू अक्षरासारखी ठेवा, समोरासमोर बसलेल्यांना एकमेकांचे चेहरे दिसले पाहिजेत. यावर माझा हट्ट आहे. प्रेक्षागृह पूर्ण अंधारात ठेवलं की प्रत्येक जण एकटा आणि सुरक्षित असतो. अर्धवट उजेडात समोरचे काका त्या ‘बोजा होते’वर गालात हसले, हे समोरच्या काकूंना दिसतं, आणि काकांना कळतं की दिसलं. ट्यूबलाइट नको, ती चेहरा सपाट करते आणि जुनी असली तर गुणगुणते. पिवळ्या उजेडाचे दोन-तीन दिवे भिंतीवर मारा. एक काळजी घ्या, पिवळा उजेड फार गडद झाला तर दोनशेची आणि पाचशेची नोट सारखीच दिसायला लागते. दिवे लावून, नोटा हातात घेऊन, शेवटच्या स्टुलावर बसून बघा.

तुम्ही न विचारलेली पण करावीच लागेल अशी गोष्ट: खरी माणसं. खोडी कुठून तरी उचललेल्या असतातच, आणि नागपूर एवढं मोठं नाही. नाव बदलून काही होत नाही, कोणाची तरी मावशी तिसऱ्या ओळीत बसलेली असते. खोड ठेवा, प्रसंगाचा सांगाडा बदला. वास्तूचं बारसं करा, काकांची आत्या करा, गाव कामठीचं काटोल करा. एवढं करूनही घरातलं कोणी ओळखेल अशी शंका असेल तर त्या माणसाला तालमीला बोलावून दाखवा. प्रयोगाला बोलावू नका.

परवानगीचं थोडक्यात: तिकीट लावून जाहीर प्रयोग करायचा असेल तर संहिता महाराष्ट्राच्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून प्रमाणित करून घ्यावी लागते. कविता छापून आल्या असतील तर प्रकाशकाशी झालेला करार काढून प्रयोगाचे हक्क कोणाकडे आहेत ते बघा. आणि तिकीट लावाच. पास वाटले की चाळीसपैकी पंधरा येतात आणि त्यातले पाच उशिरा.

राहता राहिली प्रयोगानंतरची चर्चा, जी हल्ली सगळेच ठेवतात. तुम्ही ठेवू नका. चर्चेत पहिला प्रश्न ‘हे तुम्हाला कसं सुचलं’ असा येतो, तुम्ही उत्तर द्यायला लागता, आणि जी लाज एवढ्या कष्टानं लोकांकडे दिली ती दहा मिनिटांत परत तुमच्याकडे येते. चहा द्या, दार उघडं ठेवा, तुम्ही स्वयंपाकघरात थांबा. कोणाला बोलायचं असेल तर तो तिथे येईल. दिवाळीपर्यंत तीन प्रसंग लिहून झाले तर पाठवा. पहिल्या वाचनाला माझ्या घरचा हॉल आहे, पंख्याची किरकिर मात्र आधी काढून घ्यावी लागेल.